ड्रमर गेल्यावर बँड पुन्हा कसा उभा राहतो? ‘रश’ची गोष्ट, तालाच्या बाजूने

‘रश’ हा कॅनडातल्या टोरांटो शहरातला तिघांचा रॉक बँड. २०१५ साली त्यांनी दौरे थांबवले. २०२० साली त्यांचा ड्रमर नील पिअर्ट वारला. आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजी उरलेल्या दोघांनी, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी, जाहीर केलं की २०२६ च्या जूनपासून आपण पुन्हा दौऱ्यावर निघतोय, ड्रमवर एका जर्मन वादक बाईंना घेऊन.

गोव्यात रॉक ऐकणारी माणसं एकमेकांना ओळखतात. बातमी आली त्या दिवशीच आमच्यात दोन तट पडले. एका बाजूला नुसता आनंद, दुसऱ्या बाजूला एकच प्रश्न: पिअर्ट नाही, मग तो रश कसला? प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर भावनेपेक्षा तालात सापडतं, असं मला वाटतं. म्हणून हा लेख रॉकच्या चाहत्यांसाठी कमी आणि ज्यांच्या घरात तबला-पखवाज आहे, ज्यांनी देवळात भजनाला टाळ धरला आहे, त्यांच्यासाठी जास्त. रशचं मर्म त्यांना लवकर पटेल.

आधी कोण काय करतो ते पाहू. गेडी ली बास गिटार वाजवतो, गातो, कीबोर्डही वाजवतो, आणि दोन्ही हात गुंतलेले असले की पायाने पेडल दाबून खालचा सूर धरून ठेवतो. लाइफसनकडे गिटार. पिअर्ट ड्रम वाजवायचा आणि जवळजवळ सगळ्या गाण्यांचे शब्दही लिहायचा. रॉकमध्ये शब्द सहसा गाणाऱ्याचे असतात. इथे ताल धरणारा लिहायचा आणि दुसरा गायचा. तिघंच असल्यामुळे कुणाच्याही मागे लपायला जागा नाही. एकाचा हात थांबला की संगीताचा तिसरा हिस्सा बंद.

आता ताल. नेहमीचं रॉक गाणं चार मात्रांचं असतं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा कडक फटका पडतो आणि त्यावर टाळ्या वाजवायला कुणाला शिकवावं लागत नाही. रशने हा चार मात्रांचा संसार सोडला नाही, पण त्यात राहून वारंवार पाच, सात, दहा अशी चक्रं आणली. त्यांच्या ‘सबडिव्हिजन्स’ या गाण्याची सुरुवात साताची आहे. पाश्चात्त्य कानाला सात म्हणजे आठातला एक गळाल्यासारखा वाटतो, पाय अडखळतो. आपल्याकडे रूपकातला अभंग लागला की टाळकरी डोळे मिटून साथ करतात, कारण तीन-दोन-दोन ही चाल लहानपणापासून अंगात मुरलेली असते. एक फरक मात्र सांगायलाच हवा. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) येते, तबल्याला ठरलेले बोल असतात, चक्राला एक स्वभाव असतो. रशच्या साताला ना खाली, ना बोल. तिथे फक्त मोजणी आणि जोर कुठे द्यायचा याची तिघांनी मिळून ठरवलेली जागा. त्यामुळे एकाने जोर हलवला की बाकीच्या दोघांनी त्याच क्षणी हलवावा लागतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९८१ सालच्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अल्बममध्ये आहे. ‘वायवायझेड’ हे शब्द नसलेलं वादन. वायवायझेड हा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचा कोड. विमानांना दिशा कळावी म्हणून तिथून रेडिओवर ही तीन अक्षरं मोर्स संकेतात सतत पाठवली जायची. या तिघांनी तोच संकेत उचलला आणि त्याचा ताल केला. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. लांबाला दोन आणि आखडाला एक असं धरा. वायचे दोन-एक-दोन-दोन मिळून सात. दुसऱ्या वायचे सात. झेडचे दोन-दोन-एक-एक मिळून सहा. एकूण वीस बारीक घरं, म्हणजे दहा मात्रा.

फोंड्याला तबला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हे ऐकवलं. त्याने बोटांच्या पेरांवर दोन आवर्तनं मोजली आणि म्हणाला, “मामा, दहा झाले म्हणून झपताल नव्हे हां. झपतालाचे दोन-तीन, दोन-तीन. ह्याचे साडेतीन, साडेतीन आणि तीन.” अगदी बरोबर. आणि साडेतीन मात्रांवर जोर देऊन पुन्हा साडेतीनवर जोर देणं, तेही वेगात आणि तिघांनी एकदम, हे किती अवघड आहे ते तबलजीला वेगळं सांगायला नको. लयीचं असं वेड गोव्याला परकं नाही. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर आपल्याच मातीतले. हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरून ते तोंडाने आणखी वेगळंच काही म्हणत, असं जाणती माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. गेडी लीला हातांनी एक चाल, पायाने दुसरी आणि गळ्याने तिसरी चालवताना पाहिलं की मला हटकून खाप्रुमामांची आठवण येते.

आता बँडचा इतिहास. १९६८ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोच्या विलोडेल उपनगरात शाळकरी पोरांनी हा बँड काढला. लाइफसनचे आईवडील सर्बियातून आलेले. गेडी लीचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडात पोचलेले. स्थलांतरितांची ही मुलं आणि ड्रमवर जॉन रट्सी. होय, पहिला ड्रमर पिअर्ट नव्हता. हे नाव लक्षात ठेवा.

१९७४ साली त्यांनी स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे पहिला अल्बम काढला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात डॉना हॅल्पर नावाच्या रेडिओ निवेदिकेने त्यातलं ‘वर्किंग मॅन’ लावलं. क्लीव्हलंड म्हणजे कारखान्यांत राबणाऱ्यांचं शहर. सकाळी उठून कामावर जाणाऱ्या, घरी येऊन थंड बिअर घेणाऱ्या माणसाचं ते गाणं तिथे चटकन पोचलं, मोठ्या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि अमेरिकेचा दौरा ठरला. नेमकं तेव्हाच रट्सीने बँड सोडला. त्याला मधुमेह होता आणि दौऱ्याची दगदग झेपणारी नव्हती. २९ जुलै १९७४ रोजी पिअर्ट बँडमध्ये आला. तोवर तो वडिलांच्या शेती-अवजारांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात काम करत होता. १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये तो हजारो लोकांसमोर रशबरोबर वाजवत होता. मधे दोन आठवडे.

पुढे एक अपयश आलं, आणि रशची पुढची वाट त्या अपयशानेच ठरवली. १९७५ चा ‘कॅरेस ऑफ स्टील’ चालला नाही. लहान लहान गावांत, रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवावं लागलं. कंपनीने दडपण आणलं की आता छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी करा. त्यांनी १९७६ साली ‘२११२’ काढला आणि तबकडीची एक अख्खी बाजू, सुमारे २० मिनिटं, एकाच रचनेला दिली. बुडायचंच असेल तर आपल्या मनासारखं वाजवून बुडू, अशी त्यांची तयारी होती. तो अल्बम चालला. त्यानंतर काय वाजवायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ज्यांनी अभिजात संगीताच्या मैफली रिकाम्या सभागृहात केल्या आहेत, त्या गोव्यातल्या माझ्या मित्रांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

पिअर्टबद्दल आणखी एक. नव्वदच्या दशकाच्या मध्याला, चाळिशी उलटून गेल्यावर, जगातले ड्रमर ज्याची नक्कल करत होते अशा या माणसाने फ्रेडी ग्रूबर या ज्येष्ठ शिक्षकाकडे शागिर्दी पत्करली. काडी कशी धरायची इथपासून पुन्हा सुरुवात केली. आपलं वादन फार ताठ, फार काटेकोर झालंय, त्यात झोका यायला हवा, असं त्याला वाटत होतं. कीर्ती मिळाल्यावर बैठक बदलणारे कलावंत कुठेही थोडेच.

मग १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याची १९ वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने गेली. मला निवृत्त समजा, असं त्याने दोघा मित्रांना सांगितलं आणि मोटारसायकल घेऊन निघाला. उत्तर आणि मध्य अमेरिकेत सुमारे ८८ हजार किलोमीटर फिरला. ली आणि लाइफसन यांनी या काळात दुसरा ड्रमर शोधला नाही. त्याला फोन करून कधी येतोस असं विचारलंही नाही. २००१ मध्ये तो आपणहून परतला, २००२ मध्ये नवा अल्बम आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पहिल्यांदा ब्राझीलला गेले. रिओच्या मैदानात सुमारे ४० हजार माणसं होती. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे: ‘वायवायझेड’ला शब्द नाहीत, तरी ते सगळं मैदान त्याची सुरावट एका आवाजात गातंय, साडेतीन-साडेतीन-तीनच्या हिशोबाने उड्या मारतंय.

म्हणजे रशचं परतणं २०२६ मध्ये पहिल्यांदा घडतंय असं नाही. पण तेव्हा माणूस परत यायची वाट पाहता येत होती.

२०१५ चा दौरा ३५ कार्यक्रमांचा होता, पिअर्ट बँडमध्ये आल्याला ४० वर्षं झाल्याचा. शरीरं थकली होती. लाइफसनला सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे, त्यात बोटांचे सांधे सुजतात. पिअर्टला खांद्याचा त्रास आणि स्नायुबंधांची जुनी सूज होती. तीन-तीन तास पूर्ण ताकदीने ड्रम वाजवणं म्हणजे हात, खांदे, पाठ आणि पाय या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावणं, आणि त्याच्या वादनात सोपी जागा नव्हतीच. या दौऱ्याची रचना उलटी होती: सुरुवात नव्या गाण्यांनी आणि मग एकेक वर्ष मागे. कार्यक्रम चालू असतानाच कामगार येऊन रंगमंचावरचं सामान काढून नेत. मध्यंतरानंतर पिअर्टसमोर सत्तरच्या दशकातल्यासारखा जुना ड्रमसंच असे. शेवटी मागे शाळेच्या व्यायामशाळेचा पडदा आणि खुर्च्यांवर ठेवलेले दोन छोटे अ‍ॅम्प्लिफायर एवढंच उरे. १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहात शेवटचा कार्यक्रम झाला. पिअर्ट कधीही ड्रम सोडून पुढे येत नसे. त्या रात्री आला आणि दोघांना मिठी मारली.

पुढच्याच वर्षी त्याला ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग झाल्याचं निदान झालं. साडेतीन वर्षं जवळच्या माणसांनी ही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही, कारण त्याची तशी इच्छा होती. ७ जानेवारी २०२० ला तो गेला, ६७ वर्षांचा होता. जगाला कळलं तीन दिवसांनी.

दोघांनी दुःखात काही वर्षं काढली. २०२२ मध्ये ‘फू फायटर्स’ बँडचा ड्रमर टेलर हॉकिन्स अचानक गेला, तो रशचा निस्सीम भक्त होता. त्याच्या स्मरणार्थ लंडन आणि लॉस एंजेलिस इथे झालेल्या कार्यक्रमांत ली आणि लाइफसन रंगमंचावर आले आणि वेगवेगळ्या ड्रमरांनी पाळीपाळीने पिअर्टच्या जागी बसून रशची गाणी वाजवली. मला वाटतं परतण्याचं बीज तिथे पडलं. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की आपली रचना दुसऱ्या हातातही उभी राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याच्या जागी बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पिअर्टचं वादन हे नुसती साथ नव्हतं. गाण्याच्या दोन ओळींच्या मधे तो जे भरत असे, ते तुकडे आधी विचार करून बांधलेले असत आणि दर कार्यक्रमात तसेच येत. त्यांचे चाहते सभागृहात हवेत हात हलवून ते तुकडे ठोका न चुकवता वाजवतात. म्हणजे हे तुकडे बंदिशीचा भाग झाले. नव्या ड्रमरला ते बदलायची मोकळीक नाही, पाठांतर लागतंच. पण पाठांतराने काम अर्धंच होतं. दोन तबलजी एकच कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली एकच रचना, वाजवतात, अक्षर तेच, तरी वजन वेगळं. एकाचा ठोका मात्रेवर नेमका बसतो, दुसऱ्याचा केसभर मागे रेलतो. तेवढ्याने सबंध मैफलीची चाल बदलते. ही गोष्ट कागदावर उतरत नाही. बास वाजवणाऱ्याला मात्र ती बोटांत जाणवते, आणि लीची बोटं चाळीस वर्षं एकाच माणसाच्या वजनावर चाललेली आहेत. म्हणून खरा अभ्यास नव्या ड्रमरला एकट्याने करायचा नसतो, तिघांना मिळून करायचा असतो. जुन्या दोघांनाही नव्याने चालायला शिकावं लागतं.

त्यांनी निवडलेल्या आनिका निलेस या १९८३ साली जन्मलेल्या जर्मन ड्रमर. थोर गिटारवादक जेफ बेकबरोबर २०२२ मध्ये त्यांनी दौरा केला होता, बेकच्या निधनाच्या काही महिनेच आधी. त्यांची स्वतःची ओळख आहे ती चाराच्या जागेत पाच बसवणाऱ्या वादनासाठी. आपल्या भाषेत सवापट, कुआड. ज्यांनी कुआड हाताने लावून पाहिली आहे त्यांना कळेल की अशा माणसाला साडेतीन-साडेतीनची भीती वाटायचं कारण नाही. मला ही निवड आवडली. पिअर्टची हुबेहूब नक्कल करणारे शेकडो आहेत. त्यांच्यातला एखादा आणला असता तर काम सोपं झालं असतं, आणि कार्यक्रम पुतळ्याला हार घालण्यासारखा झाला असता. स्वतःचा हात असलेला वादक आणला, म्हणजे संगीत अजून चालू आहे. पिअर्टच्या दुसऱ्या पत्नीने आणि त्यांच्या मुलीनेही या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाकीच्या गोष्टी वयाच्या आणि व्यवहाराच्या. ली आणि लाइफसन दोघेही १९५३ चे. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी रोज नवं गाव गाठायचं, ट्रकमधून सामान उतरवून उभं करायचं आणि रात्री पुन्हा भरायचं, हा जुना प्रकार जमणारा नाही. म्हणून सुरुवातीला जाहीर केलेल्या यादीत शहरं मोजकी होती: लॉस एंजेलिस, मेक्सिको सिटी, फोर्ट वर्थ, शिकागो, न्यूयॉर्क, टोरांटो, क्लीव्हलंड. एका ठिकाणी मुक्काम करायचा, एकाहून जास्त रात्री वाजवायचं. सुमारे ३५ रचना तयार ठेवायच्या आणि त्यातून रोज निवड करायची. गळा हा सगळ्यात नाजूक भाग. तरुण लीचा आवाज फार वरच्या पट्टीतला होता. वय झालं की गायक पट्टी उतरवतात, आपल्या नाट्यगीतांच्या मैफलीत हे नेहमी दिसतं आणि त्यात कमीपणा नाही. पैशाचं गणितही बदललंय. पूर्वी दौरा करायचा तो तबकड्या खपाव्यात म्हणून. आता गाणी मोबाइलवर जवळजवळ फुकट ऐकली जातात आणि जुन्या बँडची खरी कमाई तिकिटांतूनच होते.

आमच्यासारख्यांना त्यांना समोर ऐकायला मिळालं नाही. आशियात ते १९८४ साली जपानपर्यंतच आले. गोव्यात त्यांची गाणी पोचली ती बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बॅगांतून. आमच्या वाड्यावर पहिली कॅसेट अशीच आली आणि हातोहात फिरून तिची फीत पातळ झाली.

ज्यांना पिअर्टशिवाय रश ही कल्पनाच सहन होत नाही, त्यांनी एक करून पाहावं. पहिल्या अल्बममधलं ‘वर्किंग मॅन’ ऐका, ड्रमवर जॉन रट्सी. सरळ, जड, मात्रेवर घट्ट बसलेला. मग १९७६ मध्ये निघालेल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या अल्बममधलं तेच गाणं ऐका, ड्रमवर पिअर्ट. चाल तीच, गिटार तीच, पण ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागा भरून गेल्या आहेत आणि गाणं उसळायला लागलंय. रट्सीने बसवलेलं गाणं पिअर्टने चार दशकं वाजवलं. रट्सी २००८ मध्ये गेला. आणि १ ऑगस्ट २०१५ च्या त्या रात्री, सामान काढून नेलेल्या रंगमंचावर, खुर्च्यांवरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे, पिअर्टने रशबरोबर शेवटचं वाजवलं ते हेच ‘वर्किंग मॅन’. ७ जून २०२६ ची पहिली तारीख जाहीर झाली ती त्याच फोरम सभागृहाची.